तुमचा एकटीचा दिवस

मेधाताई, तुम्हाला जाऊन अजून दोन आठवडेही झाले नाहीत, आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. नितीन म्हणाला, "आता तरी सोड ना तो विषय." पण तुम्ही तरी कुठे सोडला होता? हॉस्पिटलमध्ये, अगदी शेवटी शेवटी, नर्स हातात शीर शोधत होती आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "उतरले असते मी, वैशाली." मी म्हटलं, "नसता उतरलात." तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी आकाश मोकळं झालं होतं." मी म्हटलं, "दुपारी नव्हतं." त्या बिचारीला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण आपण भांडतोय एवढं कळलं. तिने मला बाहेर बसायला सांगितलं. दार लागता लागता तुमचं हसू ऐकू आलं.

परवा क्लेमेंटीहून तुमच्या शेजारच्या चिनी ऑंटी आल्या होत्या. संत्र्यांची पिशवी घेऊन, दोन गाड्या बदलून. तुमच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि मग मला म्हणाल्या की या बाईची फार वर्षं काळजी वाटायची. पाठीवर एवढी मोठी सॅक घेऊन रोज जिना चढते, घाम पुसते, परत खाली जाते, पुन्हा चढते. त्यांनी एकदा विचारलं, "लिफ्ट स्पॉइल अगेन आह?" तुम्ही हसून मान हलवलीत. त्या मानेचा अर्थ त्यांनी 'हो' असा घेतला आणि लिफ्ट बिघडल्याची तक्रार केली. दुरुस्तीवाला येऊन गेला. लिफ्ट ठणठणीत. पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा जिन्यात, त्यांची पुन्हा तक्रार. ऑंटी सांगता सांगता इतक्या हसल्या की शेवटी रडल्या. मी त्यांना सांगितलं की सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या असायच्या, बर्फाच्या डोंगरावर चढायची तयारी म्हणून. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "सिंगापूर वेअर गॉट स्नो?" म्हणाल्या.

मलाही लग्न होऊन इथे आले तेव्हा हाच प्रश्न पडला होता. नणंद म्हणजे नितीनपेक्षा नऊ वर्षांनी मोठी, फ्रान्सला शिकलेली, विद्यापीठात शिकवणारी, लग्न न केलेली. एवढं ऐकूनच मी घाबरले होते. तुम्ही पहिल्यांदा आमच्या सेरंगूनच्या घरी आलात तेव्हा मी पुरण शिजवून ठेवलं होतं. तुम्ही नमस्कार-चमत्कार काही होऊ दिले नाहीत. थेट फ्रीज उघडलात आणि पुरणाचा डबा बाजूला सरकवून तिथे दोन लांबलचक केसाळ पट्ट्या गुंडाळून ठेवल्यात. "माझ्या घरमालकिणीला चालत नाही," म्हणालात. "उकाड्याने यांचा डिंक वितळतो." बर्फावर चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या त्या पट्ट्या. पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. मला तेव्हा एवढंच दिसलं की कुठल्या तरी जनावराच्या शेपट्या माझ्या सोवळ्यातल्या पुरणाशेजारी ठेवल्या आहेत. इरा झाली, बोलायला लागली, तर तिलाही वाटायचं की आत्याची मांजरं आमच्या फ्रीजमध्ये झोपतात.

तुम्ही बर्फ पहिल्यांदा पाहिलात तेव्हा तिशी ओलांडली होती. त्याच्या आधीची वर्षं कुठे गेली ते तुम्ही कधी बोलला नाहीत, नितीनने सांगितलं. बाबा गेले तेव्हा तो सहावीत होता. आई शाळेच्या नोकरीवर जायच्या आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसायच्या. डबा तुम्ही करायचात, पालकसभेला तुम्ही जायचात, त्याला सायकल तुम्ही शिकवलीत. तो कॉलेजला लागून मार्गी लागल्यावर तुम्ही बॅग भरलीत. लग्नानंतरही ऑफिसातून उशीर झाला की त्याचा पहिला फोन मला नाही, ताईला जायचा.

तो सप्टेंबर मात्र आपल्या दोघींचा होता. इरा दुसरीत, तिला आठवड्याची सुट्टी. नितीनला बँकेच्या कामातून निघता येईना. तुम्ही दर वर्षीप्रमाणे न्यूझीलंडला निघाला होता, म्हणालात, "चल, तू आणि इरा. वर नाही, खालीच राहा. कधी तरी बघशील तरी मी काय करते ते."

दरीच्या टोकाला, रस्ता संपतो तिथे, एक लाकडी केबिन होती. दोन खोल्या, एक शेगडी, आणि खिडकीत अख्खा डोंगर. खाली राखाडी दगडांची रास, त्याच्यावर तुटत तुटत आलेली हिमनदी, आणि त्याच्या वर ती पांढरी बाजू, इतकी उभी की मी म्हटलं, "यावर बर्फ टिकतो तरी कसा?" तुम्ही खूश होऊन म्हणालात, "बघ, नेमका प्रश्न विचारलास."

तुमच्याबरोबर जाणार होती हेलन, तुमची तिथली जुनी मैत्रीण. पण सरावाच्या दिवशीच तिचा गुडघा मुरगळला. संध्याकाळी ती खुर्चीवर पाय टाकून बसलेली आणि तुम्ही टेबलावर सामान मांडत होता, एकीचंच. मला कळायला वेळ लागला.

"एकट्या जाणार?"

"हवा चांगली आहे. बर्फ चांगला आहे."

"मेधाताई, हे बरोबर नाही."

"का?"

"का म्हणजे? पडलात तर?"

तुम्ही हातातली कुऱ्हाड, ती बर्फात रोवायची छोटी कुऱ्हाड, टेबलावर ठेवलीत. मग जे बोललात ते त्याआधी किंवा नंतर कधी बोलला नाहीत. "बरोबर कोणी असलं ना, की मी त्याच्याकडेच बघत राहते. त्याला दम लागलाय का, तो घाबरलाय का, त्याने खाल्लं का. डोंगर दिसतच नाही मला. आयुष्यभर ही सवय. एक दिवस, वैशाली. एक दिवस मला कोणाकडे बघायचं नाही."

"आणि मी खाली बसून तुमच्याकडे बघत राहायचं?"

"हो," म्हणालात. "तेवढं कर."

तुम्ही माझ्या हातात छोटा रेडिओ दिलात. "बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. लोक सोडायलाच विसरतात. तू तर हमखास विसरशील."

पहाटे, उजाडायच्या खूप आधी, तुम्ही निघालात. इरा झोपली होती. मी खिडकीत शाल गुंडाळून उभी राहिले आणि तुमच्या कपाळावरच्या दिव्याचा ठिपका वर जाताना बघत राहिले. मग उजाडलं आणि ठिपका दिसेनासा झाला. हेलनने दुर्बीण लावली आणि ती मला सांगत राहिली. आता हिमनदीवर आहे. आता भेगांच्या कडेने वळसा घालतेय, छान, अगदी योग्य. आता स्की काढून पाठीला बांधतेय, बुटांना खिळे लावतेय. आता सरळ वर. मी मध्येच उपमा केला, इराची वेणी घातली, तीच वेणी सोडून पुन्हा घातली.

रेडिओ खरखरला तेव्हा माझ्या हातातून चमचा पडला.

"वैशाली? वर आहे मी."

"कसं वाटतंय?"

"थंडी आहे. आणि कोणी नाही." आणि मग तुम्ही हसलात. मेधाताई, मी तुम्हाला हसताना खूप ऐकलं आहे, पण तसं नाही. शाळा लवकर सुटलेल्या मुलीसारखं.

इराने माझ्या हातातून रेडिओ ओढून घेतला. "आत्या, यू सो हाय ला? कॅन सी सिंगापूर?"

"मराठीत विचार, मग सांगते," तुम्ही म्हणालात. डोंगराच्या माथ्यावरूनसुद्धा!

मग तुम्ही उतरायला लागलात. ती उभी बाजू उतरलात. आणि जिथे ती बाजू संपते आणि हिमनदी सुरू होते, तिथे बर्फाला एक लांब भेग असते, ती ओलांडताना तुम्ही पडलात. मी हेलनकडे बघितलं, तिने दुर्बीण खाली घेतली नाही. मग ती म्हणाली, "उठली आहे. उठली आहे."

तुमचा आवाज आला तो मुद्दाम संथ केलेला होता. नितीनला लहानपणी ताप आला की याच आवाजात बोलत असणार तुम्ही.

"ऐक. मला काही झालेलं नाही. एक स्की सुटली आणि भेगेत गेली. म्हणजे आता खाली पायी यायचं."

"मग या ना."

"आत्ता नाही येत. ऊन चढलंय."

हेलनने मला समजावलं. पुढच्या सगळ्या वाटेवर भेगा होत्या, त्यांच्यावर बर्फाची पातळ साय. स्कीवर वजन पसरतं म्हणून ती साय तोलून धरते. पायी गेलं तर सगळा भार एका टाचेवर येतो, आणि उन्हाने साय मऊ झालेली. बरोबर कोणी असतं तर दोघींमध्ये दोर असता. तुमच्या बरोबर कोणी नव्हतं.

तुमचा बेत साधा होता. तुम्ही होता तिथे सुरक्षित होता. तिथेच बसायचं. अंगात ऊबदार कपडे, खायला आहे, गुंडाळून घ्यायला पिशवी आहे. संध्याकाळी गारठा पडला की साय पुन्हा कडक होईल, मग एकेक पाऊल चाचपत खाली यायचं.

"मी रेस्क्यूवाल्यांना बोलावते," मी म्हटलं.

"बोलावू नकोस. ऐकलंस? मला जमेल."

मी बटण दाबून वाद घालत राहिले; हेलनने खूण केली तेव्हा कुठे ते सोडलं. तुमचं वाक्य परत आलं, "बोलावू नकोस."

हेलन म्हणाली, "तिचा अंदाज चुकीचा नाही. मी असते तर हेच केलं असतं. निर्णय तिचा आहे."

मी खिडकीतून वर बघितलं. दरीच्या तोंडाकडून ढगांची एक पट्टी येत होती, पांढरी, निरुपद्रवी दिसणारी. इरा माझा कुर्ता धरून उभी होती. आणि मला एकच दिसत होतं, मी सिंगापूरला फोन लावला आहे आणि पलीकडे नितीन आहे. त्याला मी काय सांगणार? ताई नको म्हणाल्या म्हणून मी बसून राहिले?

मी इराला हेलनजवळ बसवलं, केबिन भाड्याने देणाऱ्यांच्या ऑफिसपर्यंत पळत गेले आणि फोन केला. परत येऊन तुम्हाला सांगितलं, "मेधाताई, हेलिकॉप्टर येतंय."

रेडिओवर नुसती खरखर. मग तुम्ही म्हणालात, "बरं."

त्या 'बरं'वर मी अजून विचार करते.

हेलिकॉप्टरने तुम्हाला उचललं आणि दगडांच्या अलीकडच्या गवतावर उतरवलं. तुम्ही एक स्की हातात धरून चालत आलात. चेहरा उन्हाने लाल, ओठ फुटलेले. इरा धावत गेली, तिला तुम्ही कमरेशी दाबून धरलंत. माझ्याकडे बघितलं नाहीत. तुम्ही आत आलात आणि तासाभरात ढग खाली उतरले. डोंगर नाहीसा झाला, हिमनदी नाहीशी झाली, समोरचा खांबसुद्धा दिसेना. मी मुद्दाम खिडकीपाशी उभी राहिले. तुम्ही पाठ करून मोजे वाळत घालत होता. मग सूर्य मावळायला आला आणि कोणीतरी पडदा ओढावा तसे ढग गेले. सगळा डोंगर गुलाबी, लखलखीत, वर एक चांदणी. आता तुम्ही खिडकीपाशी येऊन उभ्या राहिलात. मी भांडी घासायला लागले.

बोलणं सुरू झालं ते जेवायला बसताना. "भात आहे का?" विचारलंत. मी वरणभात वाढला, वर लिंबू पिळलं. तुम्ही तीनदा घेतलात. मग ताटावर हात धरून म्हणालात, "मी रागावले आहे. पण वरण चांगलं झालंय. दोन्ही खरं आहे."

त्यानंतर दर रविवारी तेच भांडण. तुम्ही क्लेमेंटीहून यायचात, येताना हॉकर सेंटरमधल्या खाऊच्या टपरीवरून नितीनसाठी तो नावालाच गाजराचा, खरं तर मुळ्याचा केक आणायचात, आणि आमटीला फोडणी पडेपर्यंत विषय निघायचाच. मी ढग काढायचे, तुम्ही चांदणी काढायचात. नितीन दोन्ही बाजूंना मान डोलवायचा, म्हणून दोघी त्याच्यावर ओरडायचो. इरा सांगायची, "बोथ ऑफ यू सेम सेम." हसत हसत झालेलं भांडण होतं, पण त्यात एक जागा होती जिथे आपण दोघी जपून पाय ठेवायचो. त्या वर्षानंतर तुम्ही डोंगरावर गेलात, तीनदा गेलात, पण दर वेळी हेलनबरोबर. एकट्या पुन्हा कधी गेला नाहीत. माझ्यामुळे का? मी कधी विचारलं नाही. तुम्ही "हो" म्हणाला असतात तर मला झेपलं नसतं, आणि "नाही" म्हणाला असतात तर माझा विश्वास बसला नसता.

मग मागच्या वर्षी पोटात दुखायला लागलं, आणि डॉक्टर तुमच्याशी बोलताना माझ्याकडे बघायला लागले, तेव्हाच मला कळलं. तुम्हाला आमच्याकडे आणलं. तुम्ही म्हणालात, थोडे दिवस. खाली मॉलचं काम चालू होतं, दिवसभर खांब ठोकायचे, खिडकीच्या काचा थरथरायच्या. मी माफी मागायचे. तुम्ही म्हणायचात, "राहू दे गं. कोणीतरी काहीतरी उभं करतंय."

दुसऱ्याकडून करून घेणं तुम्हाला अजिबात येत नव्हतं. पहिल्यांदा आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा बाथरूमचं दार आतून धरून बसलात. मी बाहेर स्टुलावर बसले. म्हटलं, "मला ऑफिसला सुट्टी आहे, मेधाताई. मी दिवसभर बसू शकते." आतून आवाज आला, "हेलिकॉप्टर नको बोलावूस." आणि कडी निघाली. तुमची पाठ किती लहान झाली होती. जिने चढून चढून घट्ट झालेल्या पोटऱ्या मात्र तशाच होत्या, त्यांना आजाराचा पत्ताच नव्हता. मी साबण लावत होते आणि तुम्ही भिंतीच्या फरशीकडे तोंड करून नितीनच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होता. त्याला आंघोळीचा किती कंटाळा होता, तुम्ही त्याला बादलीत कशा बसवायचात. त्या बाथरूममध्ये मला पहिल्यांदा नीट कळलं की या बाईला आजवर कोणी आंघोळ घातलेली नाही. लहानपण आठवत नाही इतकं मागे, आणि त्यानंतर फक्त तीच घालत आली.

पुढे तुम्हाला सवय झाली. दुपारी मी तुमच्या खोलीत लॅपटॉप घेऊन काम करायचे, तुम्ही पडून असायचात. आपण तास तास बोलायचो नाही. एकदा असंच, मला वाटलं झोपलात, तर तुम्ही म्हणालात, "तू खोलीत असलीस तरी मला एकटीला असल्यासारखंच वाटतं." मी वर बघितलं. मला वाईट वाटलं होतं, ते तुम्हाला दिसलं असावं. "वेडे," म्हणालात, "ही माझी सगळ्यात मोठी शाबासकी आहे. घे की."

घेतली, मेधाताई. उशिरा कळली, पण घेतली.

तुम्ही गेलात तेव्हा सकाळ होती. नितीन तुमचा उजवा हात धरून बसला होता. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होते. तुम्हाला अडवायचं नव्हतं, कोणाला बोलवायचं नव्हतं. नितीन ढसाढसा रडला आणि मग त्याने मला विचारलं, "तिने काही खाल्लं होतं का गं काल?" मी म्हटलं, चार चमचे वरण. त्याला तेवढ्याने बरं वाटलं. तुमचाच भाऊ.

आता एक गोष्ट, जी मी रविवारच्या भांडणांत कधी काढली नाही, कारण ती तुमच्या बाजूने जाते.

तुम्ही माथ्यावरून निघालात तेव्हा हेलनने दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. आधी मला नुसतं पांढरं दिसलं. मग तुम्ही दिसलात, नखाएवढ्या. त्या उभ्या बाजूवर तुम्ही एकदम सुटलात, आणि वळलात. डावीकडे. मग उजवीकडे. घाई नाही, धडपड नाही. प्रत्येक वळणाला मागे बर्फाची बारीक धूळ उडायची आणि उन्हात चमकायची. तुमच्या मागे एक रेघ उमटत गेली, गोल गोल वळणांची, एकसारखी, त्या एवढ्या मोठ्या कोऱ्या डोंगरावर एकच रेघ. मी तुम्हाला डबे करताना पाहिलं होतं, मुलांचे पेपर तपासताना पाहिलं होतं, आईंच्या आजारपणात पुण्याच्या फेऱ्या मारताना पाहिलं होतं. असं कधीच पाहिलं नव्हतं. कोणाचंही काहीही न बघणाऱ्या मेधाताई. मी घाबरायचं विसरले होते. तुम्ही खालच्या भेगेपाशी येईपर्यंत मला भीती आठवलीच नाही.

हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा एकट्या गेला असतात. आणि मला तुम्ही रविवारी जेवायला हव्या होतात. म्हणून नाही सांगितलं.

फार सुंदर उतरलात, मेधाताई. मी बघत होते.